सोलापुरात खानावळीत जेवताय? या चुका टाळा

तुळजापूर नाहीतर अक्कलकोट करून दुपारी सोलापूर स्टँडवर उतरायचं, बाहेर बेचाळीस डिग्री, पोटात कावळे ओरडतायत आणि समोर साधी खानावळ. बिनधास्त शिरा आत. पण बाहेरगावच्या पाव्हण्यांची पोटं बिघडली की सगळे नाव घेतात ते आमच्या तिखटाचं, हे मला अजिबात पटत नाही. तिखटानं जळजळ होईल, ताप येत नाही. तो येतो पाण्यातनं नाहीतर कोमट अन्नातनं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सीलबंद बाटली घ्यायची आणि वर बर्फ घातलेलं ताक प्यायचं! मग बाटलीचा उपयोग काय? सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळं सगळीकडं टाकी नाहीतर बॅरल, आणि साठवलेल्या पाण्यात कोण कसा हात घालतो ते आपल्याला दिसत नाही. ताक, सरबत बिनबर्फाचं मागा. बर्फ निळसर दिसला तर तो खायचा नाहीच, तो माल थंड ठेवायचा बर्फ आहे. कापून ठेवलेला कांदा, काकडी पण त्याच पाण्यात धुतलेली असते, म्हणून अख्खा कांदा मागा आणि बुक्कीनं फोडून खा, चव पण भारी लागते.

दुसरी चूक, लाजणं. मी स्वतः एकदा दुपारी साडेचारला एका ठिकाणी बसलो, रस्सा कोमट होता, गरम करा म्हणायला संकोच वाटला, तसाच खाल्ला आणि दोन दिवस आडवा. बत्तीस डिग्रीच्या वर शिजवलेलं अन्न तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये असं सांगतात आणि आपल्याकडं एप्रिल-मेत दुपार त्याच्या कितीतरी वर असते. त्यामुळं साडेबारा-एकला जेवा, रस्सा उकळताना बघून घ्या, भाकरी तव्यावरनं थेट ताटात आली पाहिजे. भाताचं तर जास्त जपा, कारण त्यातले काही जंतू शिजवूनही जगतात आणि भात बाहेर राहिला की विष तयार करतात, ते परत गरम करून जात नाही.

एसी बघून हॉटेल निवडू नका. पत्र्याचं शेड का असेना, रिक्षावाले, हमाल रांगेनं जेवतायत म्हणजे पातेलं लवकर रिकामं होतंय, ताजं मिळणार.

आणि प्लीज, शेंगाचटणी आणि कडक भाकरीला घाबरून बाजूला सारू नका! दोन्ही कोरड्या, त्यात पाणीच नाही म्हणून उन्हाळ्यात पण टिकतात, प्रवासात तर यासारखं दुसरं काही नाही. फक्त चटणीला खवट किंवा बुरशीचा वास आला तर सोडा, शेंगदाण्याच्या बुरशीचं विष भाजून पण पूर्ण जात नाही. पार्सल घेतलं तर ओला चमचा घालू नका.

तरी पोट बिघडलंच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि घोट घोट पीत राहा. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नका, डॉक्टर गाठा. लहान लेकरू असेल तर संध्याकाळची वाट बघत बसू नका.