मेळावा रंगला, पण पुढे काय? माजी विद्यार्थी आणि देणगीदारांच्या कार्यक्रमांत या चुका टाळा

विद्यापीठाचा मेळावा फसला, असं सहसा कुणी म्हणत नाही. सभागृह भरलेलं दिसलं, फोटो चांगले आले की अहवालात ‘यशस्वी’ लिहून सगळे मोकळे होतात. खरा हिशोब सहा महिन्यांनी लागतो. आलेल्यांपैकी किती जणांशी पुन्हा बोलणं झालं? जुन्या देणगीदारांपैकी किती जणांनी पुन्हा दिलं? पहिल्यांदाच आलेले किती होते आणि ते आज कुठे आहेत? याची उत्तरं मिळत नाहीत तेव्हा दोष बहुतेक वेळा मंचावर सापडत नाही. तो आधीच्या यादीत असतो, नाहीतर नंतरच्या पंधरा दिवसांत.

एका संध्याकाळी चार कामं

पंचवीस वर्षांपूर्वीच्या बॅचचा स्नेहमेळावा, नव्या प्रयोगशाळेसाठी निधी, जुन्या देणगीदारांचे आभार आणि चालू विद्यार्थ्यांच्या नोकरीसाठी ओळखीपाळखी, हे सगळं एकाच कार्यक्रमात कोंबलं जातं. त्यात प्रत्येक गटाला वाटतं की हा कार्यक्रम दुसऱ्याच कुणासाठी होता. वर्गमित्रांना भेटायला आलेला माणूस तासभर इमारतीचे नकाशे बघतो, आणि ज्याच्याकडून प्रयोगशाळेची अपेक्षा आहे त्याला कुलगुरूंशी दोन शब्द बोलायलाही मिळत नाही.

तयारीच्या पहिल्या बैठकीत एकच वाक्य लिहून घ्या: कार्यक्रम संपल्यावर कुणी काय करायला हवं? ‘संबंध दृढ व्हावेत’ हे उत्तर नव्हे. ‘पाच वर्षांत एकदाही न आलेल्या ४० जणांनी यावं’ किंवा ‘शिष्यवृत्तीला मदत करणाऱ्या २० जणांची त्या विद्यार्थ्यांशी गाठ पडावी’ हे उत्तर झालं. यातलं पहिलं साधायचं असेल तर अनौपचारिक मेळावा बरा, दुसऱ्यासाठी ३०-४० माणसांचं छोटं जेवण. दोन्ही हवी असतील तर दोन कार्यक्रम करा. खर्च वाढेल असं वाटतं, पण छोट्या बैठकीला मंच, रोषणाई, मोठी ध्वनिव्यवस्था यातलं काहीच लागत नाही.

यादी तपासायला दिलेला अपुरा वेळ

सर्वांत महाग चुका इथेच होतात. निमंत्रणं जायच्या किमान १२ आठवडे आधी यादी हातात घ्या.

पहिली अडचण म्हणजे दोन याद्या. माजी विद्यार्थी कक्षाकडे एक असते, लेखा विभागाकडे देणगीदारांची दुसरी, आणि दोन्ही एकमेकींशी कधीच ताडून पाहिलेल्या नसतात. मग ज्या व्यक्तीने गेल्याच वर्षी मोठी रक्कम दिली तिला ‘आपल्या विद्यापीठाशी पुन्हा जोडले जा’ असं छापील पत्र जातं. ताडताना नावावर विसंबू नका, कारण एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आधी ईमेल, मग फोन नंबर, मग उत्तीर्ण झाल्याचं वर्ष आणि शाखा, या क्रमाने जुळवा. उरलेल्या नोंदी माणसाने डोळ्यांखालून घालाव्यात.

दुसरी अडचण दिवंगतांची. गेलेल्या व्यक्तीच्या नावाने निमंत्रण घरी पोहोचलं तर कुटुंबाला जे वाटतं ते कुठल्याही दिलगिरीच्या पत्राने भरून निघत नाही. उलटही घडतं: श्रद्धांजलीच्या यादीत जिवंत माणसाचं नाव. त्यामुळे ती यादी बॅचमधल्या किमान दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या आणि खात्री नसलेलं नाव वाचू नका.

तिसरी अडचण बदललेल्या आडनावांची. शिक्षण संपल्यावर आडनाव बदललेली व्यक्ती विद्यापीठाच्या नोंदीत जुन्या नावाने असते, ईमेलमध्ये नव्या. प्रत्येक नोंदीत ‘विद्यार्थी असतानाचं नाव’ आणि ‘सध्याचं नाव’ असे दोन वेगळे रकाने हवेतच. पुढे प्रवेशद्वारावर आणि नावाच्या बिल्ल्यावरही ते कामाला येतात.

आणि एक सावधगिरी: संपूर्ण यादी स्वयंसेवकांच्या ग्रुपवर टाकू नका. प्रत्येक बॅच प्रतिनिधीला फक्त त्याच्या वाट्याची १५-२० नावं द्या. पत्ते आणि देणगीच्या रकमा त्यात नकोत.

तारीख आणि निमंत्रण

परीक्षा, दीक्षान्त समारंभ, मोठ्या सुट्ट्या आणि दुसऱ्या विभागांचे मेळावे एकाच तक्त्यावर मांडून मगच तारीख पक्की करा. एकाच महिन्यात विभागाचा, वसतिगृहाचा आणि विद्यापीठाचा असे तीन मेळावे ठेवले की माणसं तिन्हींकडे पाठ फिरवतात.

मोठ्या बॅच-मेळाव्याची तारीख किमान सहा महिने आधी कळवा, कारण बाहेरगावचे लोक प्रवासाची आणि रजेची आखणी त्याआधारे करतात. सविस्तर निमंत्रण ८ ते १० आठवडे आधी, आठवण तीन आठवडे आणि एक आठवडा आधी, शेवटचा संदेश आदल्या दिवशी. त्या शेवटच्या संदेशात आभारप्रदर्शन नको. कुठल्या दाराने यायचं, गाडी कुठे लावायची, किती वाजता संपेल आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा, एवढंच असू द्या.

कुलगुरूंच्या सहीचं निमंत्रण रुबाबदार असतं, पण माणूस येतो तो वर्गमित्राच्या फोनमुळे. ‘आणखी कोण येतंय?’ हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो. नाव जाहीर करायला ज्यांची हरकत नाही अशांची बॅचनिहाय यादी नोंदणीच्या पानावर ठेवली तर निम्मं काम तीच करते.

नोंदणीचा आकडा खरा धरणं

मोफत कार्यक्रमात नाव नोंदवून न येणारे बरेच असतात. तिसरा हिस्सा गळाला तरी नवल नाही. थोडं जरी शुल्क ठेवलं तर गळती बरीच कमी होते. तुमच्या मागच्या तीन कार्यक्रमांत नोंदणी किती होती आणि प्रत्यक्षात आले किती, ते काढा. दुसऱ्या कुणाच्या सरासरीपेक्षा हा आकडा तुमच्या जास्त उपयोगाचा.

जेवणाच्या कंत्राटदाराला किमान हमीची संख्या काही दिवस आधी द्यावी लागते आणि नंतर माणसं कमी आली तरी पैसे त्याच संख्येचे जातात. म्हणून ती संख्या नोंदणीवरून देऊ नका, अपेक्षित उपस्थितीवरून द्या, आणि वर ५ ते १० टक्के जास्तीची सोय करता येईल का ते करारातच लिहून घ्या. अंदाजपत्रकात सुरक्षा, साफसफाई, कर्मचाऱ्यांचा जादा वेळ आणि ध्वनी-प्रकाशाचे तंत्रज्ञ या चार गोष्टी हमखास राहतात. १० ते १५ टक्के राखीव ठेवले की त्या अंगावर येत नाहीत.

दारातली रांग

गणित सोपं आहे, पण ते कुणी करत नाही. ३०० पाहुण्यांपैकी २०० जण पहिल्या अर्ध्या तासात येतात असं धरा. बिल्ला आधीच छापलेला असेल तर नाव शोधून तो हातात द्यायला साधारण ४० सेकंद लागतात. म्हणजे २०० जणांना ८,००० सेकंद. अर्ध्या तासात १,८०० सेकंद. पाच टेबलं लागली. तिथेच पैसे घ्यायचे किंवा बिल्ला छापायचा ठरवलं, तर माणशी दोन मिनिटं जातात आणि टेबलं १३-१४ लागतात. इतकी टेबलं मांडायला जागाही नसते. म्हणून छपाई आणि वसुली आदल्या दिवशीच संपवा.

ज्यांचं नाव सापडत नाही त्यांच्यासाठी एक वेगळं टेबल बाजूला ठेवा आणि तिथे सर्वांत अनुभवी, शांत माणूस बसवा. हे टेबल नसलं की एका हरवलेल्या नावापायी मागचे वीस जण ताटकळतात. टेबलांची विभागणी आडनावाच्या अक्षरांवर करायची असेल तर आधी खऱ्या यादीत मोजणी करा, कारण अक्षरं समान वाटली म्हणून माणसं समान वाटली जात नाहीत. बॅच-मेळाव्याला वर्षांप्रमाणे विभागणी उत्तम: रांगेतच वर्गमित्र भेटतात, आणि थोडा उशीर झाला तरी कुणी कुरकुरत नाही.

बिल्ल्यावर पहिलं नाव ३० ते ३६ पॉइंटांत, खाली आडनाव, विद्यार्थी असतानाचं नाव वेगळं असेल तर तेही, मग वर्ष आणि शाखा. विद्यापीठाचं बोधचिन्ह लहान चालेल, कुठे आलोय ते सगळ्यांना माहीत असतं. गळ्यातल्या दोरीचा बिल्ला हमखास उलटा फिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी छापा.

भाषणांची माळ

सहा वक्ते, प्रत्येकी ‘फक्त पाच मिनिटं’, असा कार्यक्रम कागदावर अर्ध्या तासाचा दिसतो आणि प्रत्यक्षात तासाच्या आसपास जातो. मंचावर येणं, परिचय, टाळ्या यातच प्रत्येकामागे दीड-दोन मिनिटं जातात. संथ, स्पष्ट मराठीत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. म्हणून वक्त्याला मिनिटांऐवजी शब्द सांगा: ५०० शब्द, तेही लिहून, तीन दिवस आधी. मेळाव्यात एकूण भाषणं २० मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. लोक एकमेकांशी बोलायला आलेले असतात.

देणगीदारांच्या बाबतीत

सर्वांत वाईट चूक म्हणजे भर कार्यक्रमात अचानक केलेलं आवाहन. निमंत्रणात निधीचा उल्लेख नाही आणि जेवण चालू असताना टेबलावर अर्ज फिरू लागतात. माणसं फसवल्यासारखी वाटून घेतात, आणि पुढच्या निमंत्रणाला नकार देतात. मदत मागणार असाल तर निमंत्रणातच तसं लिहा. मोठ्या रकमेची विनंती तर गर्दीत करायचीच नसते. ती समोरासमोर, स्वतंत्र भेटीत होते. कार्यक्रम त्या भेटीची वाट तयार करतो किंवा दिलेल्या देणगीचे आभार मानतो.

दुसरी चूक घोषणेची. तोंडी होकारावर मंचावरून आकडा सांगितला जातो आणि मग कळतं की रक्कम पाच हप्त्यांत येणार होती, किंवा कुटुंबाला नाव नको होतं. घोषणेआधी चार गोष्टी लेखी घ्या: रक्कम आणि हप्ते, वापराच्या अटी, नाव नेमकं कसं लिहायचं, आणि आकडा जाहीर करायचा की नाही. अनामिक देणगीदार असेल तर त्याला मंचाजवळची राखीव खुर्चीही देऊ नका. तेवढ्यावरून लोक ओळखतात.

तिसरी, आणि जवळजवळ सगळीकडे दिसणारी: देणगीदार येतात, पण त्यांच्याशी बोलायची जबाबदारी कुणाचीच नसते. प्राध्यापक प्राध्यापकांत आणि कर्मचारी कर्मचाऱ्यांत उभे राहतात. प्रत्येक यजमानाला चार ते पाच नावं वाटून द्या, त्याहून जास्त नको. प्रत्येक नावाची अर्ध्या पानाची टिपणी आदल्या दिवशी द्या: शाखा आणि वर्ष, आधी कशासाठी दिलं, त्या पैशाचं काय झालं, नावाचा उच्चार, कुठला विषय टाळायचा, आणि आज एक काय विचारायचं. त्यातली ‘पैशाचं काय झालं’ ही ओळ रिकामी असेल तर त्या व्यक्तीला नवी योजना सांगू नका. आधी मागचा हिशोब द्या.

शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना जरूर बोलवा, पण गरिबीची कहाणी सांगायला मंचावर उभं करू नका. देणगीदाराच्या टेबलावर बसवा आणि त्यांच्या अभ्यासाविषयी, प्रकल्पाविषयी बोलू द्या. फोटोसाठी दोघांचीही परवानगी घ्या.

नुकतेच उत्तीर्ण झालेल्यांकडून पहिल्या काही वर्षांत पैशांपेक्षा वेळ मागा. मुलाखतीचा सराव घेणं, एका विद्यार्थ्याला तासभर मार्गदर्शन करणं हे त्यांना जमतं आणि आवडतंही.

ऑनलाइन पाहुणे

सभागृहातल्या कॅमेऱ्याचं थेट प्रक्षेपण लावून दिलं म्हणजे दूरचे लोक सहभागी झाले असं होत नाही. लॅपटॉपच्या माइकवर सभागृहाचा आवाज घुमतो, म्हणून आवाज थेट मिक्सरमधून घ्या. उत्तम दर्जाच्या प्रक्षेपणाला अपलोडचा वेग सुमारे ६ एमबीपीएस लागतो. त्याच्या दुप्पट हाताशी ठेवा, वायरने जोडा, आणि चाचणी कार्यक्रमाच्याच वेळेला घ्या. रिकाम्या सभागृहात सकाळी चालणारं वाय-फाय ३०० मोबाइल आले की मान टाकतं. ऑनलाइन प्रश्न वाचायला वेगळा माणूस नेमता येत नसेल तर प्रक्षेपण सोडून द्या आणि त्यांच्यासाठी त्यांच्या वेळेनुसार वेगळी अर्ध्या तासाची भेट ठेवा.

ऐनवेळी बिघडलं तर

- माणसं कमी आली: मागची टेबलं दारं उघडायच्या आत उचला. पाच फुटांच्या गोल टेबलावर आठ, सहा फुटांच्या टेबलावर दहा जण बसतात. रिकाम्या खुर्च्या काढल्या की तेच सभागृह भरलेलं वाटतं.
- महत्त्वाच्या टेबलावर दोन जागा रिकाम्या राहिल्या: यासाठी दोन अधिष्ठात्यांना मुद्दाम ठरावीक जागा देऊ नका. ते तिथे जाऊन बसतात.
- नोंदणीची यंत्रणा बंद पडली: छापील यादी, नावाच्या क्रमाने एक आणि बॅचच्या क्रमाने एक, प्रत्येक टेबलावर आधीपासून हवी.
- वक्ता थांबत नाही: पहिल्या रांगेत वेळेचे फलक घेऊन माणूस बसवा आणि ‘दोन मिनिटं’ दाखवल्यावर सूत्रसंचालकाने मंचाच्या कडेला येऊन उभं राहायचं, हे वक्त्याला आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून

कार्यक्रम संपल्यावर थकलेला चमू आठवडाभर सुट्टीवर जातो आणि सगळं थंडावतं. म्हणून नंतरच्या कामांच्या जबाबदाऱ्या कार्यक्रमाआधीच वाटा. यजमानांनी भेटीच्या नोंदी ४८ तासांत लिहायच्या. तीन ओळी पुरेत, पण ‘पुढे कुणी, केव्हा, काय करायचं’ ही ओळ हवीच. त्याच मुदतीत आभाराचा संदेशही जावा, आणि आलेल्यांना एक व न आलेल्यांना दुसरा. न आलेल्याला ‘आपल्या उपस्थितीबद्दल आभार’ गेलं तर त्याची अनुपस्थिती कुणाच्या लक्षातच आली नाही हे त्याला कळतं.

पावत्या आठवड्याच्या आत पाठवा. शुल्कात जेवणाची किंमत धरली असेल, तर त्यातला देणगीचा भाग किती याचे करनियम देशोदेशी वेगळे आहेत. पावतीचा मजकूर लेखा विभागाकडून कार्यक्रमाआधीच मंजूर करून ठेवा. कबूल केलेल्या पण न आलेल्या रकमांची वेगळी यादी करा, प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव लिहा, आणि ३० दिवसांनी पहिला फोन त्या माणसानेच करावा. न सांगता आलेले, बदललेला फोन नंबर देऊन गेलेले, दारावर नाव न सापडलेले या सगळ्यांच्या नोंदी त्याच आठवड्यात मुख्य यादीत चढवा. त्या कागदाच्या चिटोऱ्यांवर असतात आणि चिटोरे पंधरा दिवस टिकत नाहीत.