‘कोलेसिस्टेक्टमी’ची फोड नेमकी कुठे करावी

औसा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी नर्सिंगला आले, तेव्हा पहिल्या वर्षी मला एका शब्दाने फार रडवले: कोलेसिस्टेक्टमी, म्हणजे पित्ताची पिशवी काढण्याचे ऑपरेशन. सगळे शब्द मी वहीत देवनागरीत उतरवून घेत असे. आदल्याच पानावर ‘कोलेक्टमी’, म्हणजे मोठे आतडे काढणे, असे लिहिलेले होते. त्यामुळे तोंडी परीक्षेत ‘कोले’ कानावर पडताच मी आतडे सांगितले आणि परीक्षकांनी पुन्हा विचारल्यावरही तेच सांगितले.

चूक वहीतच होती. पित्ताचा ‘कोले’ इंग्रजीत सी-एचने सुरू होतो, आतड्याचा ‘कोल’ नुसत्या सीने. देवनागरीत मात्र दोघांचा ‘को’ एकच होतो. म्हणून निक्षून सांगते, आधी इंग्रजी स्पेलिंग लिहा आणि उच्चार त्याच्या खाली लिहा.

शिवाय, जीभ जिथे थांबते तिथे अर्थ तुटत नाही. उच्चारात को-ले-सिस्-टेक्-ट-मी अशी सहा अक्षरे पडतात. अर्थाचे तुकडे मात्र कोले, सिस्ट आणि एक्टमी, म्हणजे पित्त, पिशवी आणि कापून काढणे, असे तीनच आहेत. ‘सिस्ट’मधला ट पुढच्या ‘ए’ला जाऊन चिकटतो, आणि मी ‘टेक्टमी’ नावाचा प्रत्यय कितीतरी दिवस शोधत राहिले. घाबरू नका, हे आपल्याला नवे नाही. ‘पित्ताशय’ आपण पित्-ता-शय असे म्हणतो, तरी विग्रह पित्त अधिक आशय असाच करतो. शाळेतला संधिविग्रह ज्याला जमला, त्याला हेही जमेल.

कोलेसिस्टेक्टमीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ‘टेक्’वर, शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण त्याकडे लक्षच देत नाही. पण कोलेक्टमी आणि कोलॉस्टमी म्हणून पाहा: आरंभ तोच, शेवट तोच, फरक फक्त आघाताच्या अक्षरात. पहिलीत मोठे आतडे अंशतः किंवा पूर्ण काढतात, दुसरीत त्याचे तोंड पोटावर उघडतात. ते अक्षर गिळू नका. ‘आयटिस’ने, म्हणजे दाह सांगणाऱ्या प्रत्ययाने, संपणाऱ्या शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: कोलेसिस्टायटिसमध्ये (पित्ताशयाचा दाह) ‘टाय’वर.

सीनियरांच्या झेरॉक्स नोट्सवर माझा विश्वास नाही; त्यांतली स्पेलिंगची चूक वर्षानुवर्षे तशीच पुढे जाते. मला खरे शिकवले वॉर्डातल्या एका सिस्टरांनी. त्या रोज सकाळी ऑपरेशनची यादी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत, प्रत्येक तुकड्यानंतर पेन्सिलीने उभी रेघ मारायला लावत, आणि ‘पित्ताची पिशवी काढणार आहेत’ असे नातेवाइकांना सांगावे तसे मी मराठीत सांगेपर्यंत पुढच्या ओळीवर जाऊ देत नसत.