जिताडा गळाला लावायचा तर

जिताडा हा खाडीतला मासा आळशी. भक्ष्यामागे फार धावत नाही; पुलाचा खांब, खडक, तिवरांची मुळं यांच्या आडोशाला पाण्याच्या ओढीकडे तोंड करून थांबतो आणि वाहत आलेली कोळंबी नाहीतर बोईट मासा एका घोटात आत घेतो. म्हणून वसईच्या किंवा गोराईच्या खाडीत मधोमध गळ टाकून बसणाऱ्यांचं मला हसू येतं.

भरती संपून पाणी उतरायला लागलं की तिवरांतून निघणाऱ्या ओहळाच्या तोंडाशी जा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, पाण्याला ओढच नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा. आमिष जिवंतच हवं. कोळंबीला गळ शेपटाजवळून ओवा, डोक्यात घुसवला की ती मरते.

दोरी हलली म्हणून लगेच खेचू नका. आधी तो आमिष नीट तोंडात घेऊ दे, मग झटका. लागला की पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ढिली सोडलीत तर गेलाच. कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते, तिथे बोट घालू नका.

जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. पावसाच्या तोंडावर मोठं धूड लागलं तर ती अंड्यांवर आलेली मादी असणार, म्हणून मी सोडतो. कालवणाला दोन किलोचा पुरतो. बायको मात्र अजून ऐकवते.