हडळीच्या पायाचं माप
भुताखेतांची प्रेमकथा लिहिताना पात्राला शक्ती नंतर द्या, अडचण आधी द्या. हडळीचे पाय उलटे असतात, हे आपण आजीकडून ऐकलेलंच आहे. मग तुमची हडळ कोल्हापुरात चप्पल लाईनला पायताण घ्यायला आली तर? कारागीर मापासाठी कागद पुढं सरकवतो. ती साडीचा काठ आणखी खाली ओढते. तो वर न बघताच म्हणतो, "टाच पुढं ठेवा, जमतंय की." झालं, वाचक दोघांवरही फिदा! तो मनातून घाबरला असेलही, पण त्यानं तिला ओशाळं केलं नाही.

देखणेपणाचं वर्णन एका ओळीत उरका. रंकाळ्यावरचं चांदणंही जरा बेतानं, ते सगळेच लिहितात. त्यापेक्षा त्याच्या हातांना येणारा कातड्याचा वास लिहा, बोटावरचा घट्टा दाखवा. माणूस असलेल्या पात्राला स्वतःचं काम आणि हट्ट हवा. नुसती किंचाळून बेशुद्ध पडणारी नायिका मला तरी दुसऱ्या प्रकरणापर्यंत सोसत नाही. आणि नायकाला मन वाचता येत असेल, तर न विचारता वाचणं हा आगाऊपणाच. त्याला एकदा विचारायला लावा, आणि तिला "नको" म्हणू द्या.