कायोटीच्या रात्रीच्या शिकारीसाठी थर्मल की नाइट व्हिजन: स्कोप निवडताना

टेक्ससमधील सॅन अँजेलोच्या आसपास, एडवर्ड्स पठारावर, शेळ्यामेंढ्यांचे मोठमोठे कळप आजही राखले जातात, आणि हिवाळा सरता सरता करडे-कोकरे जन्माला येऊ लागली की राखणदारांची झोप उडते. कायोटी हा कुत्र्या-लांडग्यांच्या कुळातला प्राणी आपल्याकडच्या कोल्ह्याहून थोडा थोराड असतो. वजन साधारण 10 ते 20 किलो आणि खांद्यापाशी उंची जेमतेम 60 सेंटिमीटर. माणसाचा वावर असलेल्या भागात तो बहुतेक रात्रीच हिंडतो, म्हणून त्याचा बंदोबस्तही रात्रीच करावा लागतो. एका शेळीपालक मित्राच्या रानावर काही हंगाम राखणीला गेल्यानंतर आणि एक चुकीची खरेदी पदरात पडल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, रात्रीची दुर्बीण, म्हणजे रायफलवर बसवायचा स्कोप, किती लांबचे दाखवते हे न पाहता ती किती लांबचे ओळखू देते एवढेच पाहून पैसे मोजावेत.

दुकानात जाण्याआधी कायद्याची बाजू तपासून घ्यावी. टेक्ससमध्ये कायोटी शिकारयोग्य प्राण्यांच्या संरक्षित यादीत येत नाही, आणि खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्याची शिकार रात्रीही करता येते. त्यासाठी एरवी शिकार परवाना लागतो, मात्र जनावरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीपुरती जमीनमालकाला त्यातून सूट आहे. इतर राज्यांत नियम बरेच वेगळे आहेत. कुठे रात्रीच्या शिकारीलाच मर्यादा आहेत, तर कुठे थर्मल किंवा अवरक्त प्रकाशाच्या वापराला, त्यामुळे आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाचे चालू वर्षाचे नियमपुस्तक वाचल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. एच-1बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हेही ध्यानात ठेवावे की, संघराज्याच्या कायद्यानुसार त्यांना बंदूक व काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि राज्याचा वैध शिकार परवाना हा त्या मनाईचा एक अपवाद आहे. अशी दुर्बीण सुट्टीत गावी दाखवायला म्हणून बॅगेत टाकून नेण्याचा मोहही टाळावा. रात्रीच्या शस्त्र-दुर्बिणी अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात, आणि भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी असल्याने तिथे त्यांचा तसा उपयोगही नाही.

नाइट व्हिजन आणि थर्मल ही दोन नावे सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात, परंतु दोन्हींचे काम मुळातच वेगळे आहे. नाइट व्हिजनला प्रकाश लागतो. जुन्या पद्धतीच्या उपकरणात इमेज इंटेन्सिफायर नळी असते. चांदण्याचा किंवा ताऱ्यांचा अंधुक उजेड ती हजारो पटींनी वाढवून हिरव्या किंवा पांढऱ्या पडद्यावर उमटवते. तिसऱ्या पिढीच्या नळ्या उत्तम असतात, पण त्यांच्यासाठी काही हजार डॉलर मोजावे लागतात आणि झगझगीत उजेडापासून त्यांना जपावे लागते. डिजिटल नाइट व्हिजनमध्ये नळीऐवजी कॅमेऱ्यातल्यासारखा सेन्सर असतो, तो दिवसाही चालतो, आणि काही शे डॉलरांत चांगला स्कोप मिळतो. मात्र अमावस्येच्या रात्री त्याला स्वतःचा अवरक्त दिवा लावावाच लागतो. हा दिवा 850 नॅनोमीटरचा असेल तर लांबवर पोचतो, पण समोरून पाहिल्यास त्याचा मंद लाल ठिपका दिसतो. 940 नॅनोमीटरचा असेल तर ठिपका दिसत नाही, पण पल्ला बराच घटतो. गवत उंच असेल किंवा धुके असेल तर दिव्याचा उजेड जवळच्या काड्यांवर आणि थेंबांवर आपटून परत येतो, आणि गाडीचे मोठे दिवे लावून धुक्यात शिरावे तसे समोर सगळे पांढरे होते.

थर्मलला उजेडाची गरजच नसते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते, आणि सजीवांच्या अंगच्या तापमानाला त्यांचा भर 10 मायक्रोमीटरच्या आसपास असतो. जर्मेनियमच्या भिंगामागचा सेन्सर 8 ते 14 मायक्रोमीटरच्या पट्ट्यातले हे किरण टिपतो. त्यामुळे झुडपाआड अर्धवट लपलेला प्राणीसुद्धा काळ्याभोर रानात विस्तवासारखा उठून दिसतो. हिवाळ्यात कायोटीचे दाट केस अंगाची ऊब बाहेर येऊ देत नाहीत, म्हणून धड थोडे मंद आणि तोंड, डोळे व कानांच्या आतला भाग जास्त उजळ दिसतो. साध्या काचेतून हे किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे पिकअपची काच खाली केल्याशिवाय थर्मलमधून बाहेरचे काहीही दिसणार नाही. शिवाय थर्मलला रंग कळत नाही, आणि कुंपणाची तार, कानातला बिल्ला, गळ्यातला पट्टा यांसारखे भोवतालच्या तापमानाला आलेले बारकावे त्यात सहसा हरवतात. थोडक्यात, शोधण्यात थर्मलचा हात कोणी धरणार नाही, पण जवळच्या अंतरावर चेहरामोहरा पाहायचा तर स्वस्तातले डिजिटल नाइट व्हिजनही त्याला भारी पडते.

आता आकड्यांकडे वळू, कारण फसगत होते ती इथेच. पत्रकावर ठळक छापलेला ‘डिटेक्शन रेंज’ हा आकडा सहसा माणसाएवढ्या, म्हणजे 1.8 मीटर उंचीच्या आकृतीसाठी असतो, आणि तो ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगणारा असतो. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी 1958 मध्ये मांडलेले निकष आजही वापरले जातात. आजच्या भाषेत सांगायचे तर, वस्तूच्या मापावर 2 पिक्सेल बसले तर ती असल्याचे कळते, 8 बसले तर तिचा प्रकार कळतो आणि 13 च्या आसपास बसले तर ती नेमकी कोणती हे सांगता येते, आणि तेही निम्म्या वेळा.

हा हिशेब घरी कागदावर करता येतो. सेन्सरच्या एका पिक्सेलचे माप भिंगाच्या नाभीय अंतराने भागले आणि समोरच्या अंतराने गुणले की त्या अंतरावर एक पिक्सेल किती जागा व्यापतो ते मिळते. आजच्या बहुतेक सेन्सरमध्ये पिक्सेल 12 मायक्रोमीटरचा असतो. 35 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगामागे तो 100 मीटरवर सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यापतो. 60 सेंटिमीटर उंचीच्या कायोटीवर 13 पिक्सेल बसवायचे तर 25 मिलिमीटर भिंगाला ते सुमारे 95 मीटरपर्यंत, 35 मिलिमीटरला 135 मीटरपर्यंत आणि 50 मिलिमीटरला 190 मीटरपर्यंत जमते. त्याच 35 मिलिमीटर भिंगावर माणसासाठी अडीच किलोमीटरचा डिटेक्शनचा आकडा बिनदिक्कत छापता येतो, आणि तो खोटाही नसतो.

या हिशेबात सेन्सरच्या आडव्या ओळीत पिक्सेल 384 की 640 हा प्रश्न कुठेच आला नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. भिंग आणि पिक्सेलचे माप सारखे असेल तर दोन्ही सेन्सरांना ओळखीचा पल्ला सारखाच मिळतो. फरक पडतो तो दृश्याच्या रुंदीत. 35 मिलिमीटर भिंगातून 100 मीटरवर 384 चा सेन्सर साधारण 13 मीटर रुंदीचा पट्टा दाखवतो, तर 640 चा सेन्सर 22 मीटरचा. कॉलच्या, म्हणजे भक्ष्याच्या ओरडण्याची नक्कल करणाऱ्या आवाजावर कायोटी धावत येतो तेव्हा अरुंद दृश्यातून तो पुनःपुन्हा निसटतो, आणि दोन कायोटी आले असतील तर दुसरा दिसतच नाही. म्हणून 384 घ्यायचा असेल तर 25 किंवा 35 मिलिमीटर भिंगावर समाधान मानून पहिल्याने 95 आणि दुसऱ्याने 120 मीटरच्या आत मारा करण्याची शिस्त ठेवावी, आणि मोकळ्या माळावर दीड-दोनशे मीटरची गरज असेल तरच 640 आणि 50 मिलिमीटरच्या जोडीवर खर्च करावा. डिजिटल झूमने हा पल्ला वाढत नाही. तेच पिक्सेल फुगून मोठे होतात, एवढेच.

माझी चुकीची खरेदी 256 बाय 192 चा, 19 मिलिमीटर भिंगाचा स्कोप होती. फेब्रुवारीतल्या एका रात्री सशाच्या केविलवाण्या ओरडण्याचा कॉल लावून बसलो असताना साधारण 170 मीटरवर एक पांढरी आकृती आली, थांबली, पुन्हा दबकत पुढे सरकली. चार पाय होते, शेपटी होती, आणि पाच-सहा पिक्सेल उंचीचा तो डाग माझ्या मनाने केव्हाच कायोटी ठरवून टाकला होता. तो आडवा वळला आणि त्याची शेपटी पाठीवर वर वळलेली दिसली. कायोटी धावताना शेपटी खाली ठेवतो. ती मित्राची ग्रेट पिरेनीज कुत्री होती, कळपाची राखण करणारी, कायोटीच्या दुपटीहून अधिक वजनाची. एवढा मोठा फरक मला कळला नाही, कारण थर्मलचे चित्र सपाट असते आणि अंतर ठाऊक नसेल तर आकाराचा अंदाज बांधायला काही आधारच उरत नाही. तेव्हापासून मी लेझर रेंजफाइंडरला चैन समजत नाही. स्कोपमध्येच तो असलेला उत्तम, नसेल तर कॉल लावण्याआधी उजेडीच खांब, झाडे, पाण्याची टाकी यांची अंतरे मोजून लिहून ठेवावीत.

याच कारणाने पहिली खरेदी रायफलवरच्या स्कोपची न करता हातात धरून एका डोळ्याने पाहायच्या थर्मल मोनोक्युलरची करावी, असे मी सुचवीन. रान न्याहाळण्यासाठी स्कोप वापरणे म्हणजे जे काय आहे ते कळण्याआधीच त्यावर बंदुकीची नळी रोखणे, आणि ते काहीतरी वासरू, शेजारी किंवा त्याचा कुत्रा असू शकतो. मोनोक्युलरला 19 ते 25 मिलिमीटरचे भिंग पुरते, कारण त्यात रुंद दृश्य महत्त्वाचे. बजेट आखडते असेल तर चांगला थर्मल मोनोक्युलर आणि रायफलवर डिजिटल नाइट व्हिजन ही जोडी एकट्या मध्यम दर्जाच्या थर्मल स्कोपपेक्षा अधिक कामाची ठरते: शोधायचे थर्मलने, ओळखायचे डोळ्यांच्या चमकीवरून, कानांवरून आणि तोंडाच्या ठेवणीवरून.

सेन्सरची संवेदनशीलता ‘एनईटीडी’ या आकड्याने, मिलिकेल्विनमध्ये सांगतात. तो जितका कमी तितका तापमानातला बारीक फरक दिसतो. 25 म्हणजे एका अंशाचा चाळिसावा भाग. पश्चिम टेक्ससच्या कोरड्या, थंड रात्री 40 चा सेन्सरही छान दिसतो, पण मेक्सिकोच्या आखाताकडच्या दमट हवेत, किंवा पावसाने गवत, दगड, माती सगळे एकाच तापमानाला आल्यावर, 25 आणि त्याखालच्या सेन्सरची किंमत वसूल होते. भिंगाचा एफ-आकडाही (नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास) सोबत पाहावा; एफ 1.0 च्या भिंगातून एफ 1.2 पेक्षा पुष्कळ जास्त ऊब आत येते. चित्र सेकंदाला किती वेळा बदलते हेही महत्त्वाचे आहे: 9 हर्ट्‌झच्या स्वस्त उपकरणात धावणारा प्राणी टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, म्हणून 50 हर्ट्‌झच्या आसपासचे घ्यावे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. बॅटरी बाजारात सहज मिळणारी 18650 ची असावी आणि थंडीत ती लवकर उतरते हे धरून एक जादा खिशात ठेवावी. स्कोप आपल्या काडतुसाचा धक्का सोसणारा आहे का ते पाहावे, जरी .223 किंवा .22-250 साठी ही अडचण क्वचितच येते. दिवसाच्या स्कोपपुढे बसवायचा क्लिप-ऑन आकर्षक वाटतो, पण मागचे मॅग्निफिकेशन वाढवले की त्याचे चित्र विस्कटते. कायोटीसाठी मला तो पटलेला नाही.

स्कोप झीरो करताना, म्हणजे त्याची नेमखूण आणि गोळी लागण्याची जागा जुळवताना, कागदी निशाण थर्मलला दिसत नाही. पुठ्ठ्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा चौकोन लावून पुठ्ठा किंचित मागे कलता ठेवला की पट्टीत थंड आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि ती गडद दिसते. नाहीतर हात शेकायची छोटी पुडी मध्यभागी चिकटवावी. 100 यार्डांवर झीरो करावे आणि पहिल्या खऱ्या रात्रीआधी एकदा पुन्हा तपासावे.

स्कोप परत करण्याची मुदत संपण्याआधी एक परीक्षा जरूर घ्यावी. रात्री रायफलवर न बसवलेला स्कोप ट्रायपॉडवर ठेवून, घरच्या मंडळींपैकी कोणाला तरी मध्यम आकाराच्या कुत्र्याला साखळीने धरून 50 मीटरपासून दर 25 मीटरवर आडवे उभे राहायला सांगावे. कुत्र्याची शेपटी, कान आणि नाकाचा निमुळतेपणा ज्या अंतरापर्यंत निःशंक दिसतो तो आकडा कापडी चिकटपट्टीवर लिहून ती स्कोपच्या डाव्या अंगाला चिकटवावी. माझ्या सध्याच्या स्कोपवर 125 लिहिलेले आहे, आणि त्यापलीकडे काहीही आले तरी मी ते जवळ येण्याची वाट पाहतो.