एका वेळी एकच बदल : फाउंड्रीत नव्याने येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकलची पदविका हाती पडल्यावर मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, रुजू झालो आणि माझ्याकडे वाळू तपासण्याचे काम आले. मोल्डिंगच्या, म्हणजे साचे घालण्याच्या, विभागाच्या कडेला काढलेल्या लहानशा खोलीत वजनकाटा, ओलावा मोजण्याचे उपकरण आणि वाळूवर तीन ठोके देऊन 50 मिलीमीटर व्यासाचा व तेवढ्याच उंचीचा नमुना घडवणारा रॅमर एवढीच सामग्री होती. सुधारणा म्हणजे कुणाला तरी सुचलेली मोठी कल्पना, अशी माझी तेव्हाची समजूत होती. ती या खोलीत हळूहळू मोडली, आणि ती कशी मोडली हे या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांना सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

ज्यांनी फाउंड्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगतो. ज्या वाळूत साचे घालतात तिला ग्रीन सँड म्हणतात. तिचा रंग काळा असतो, पण साचा न भाजता ओलाच वापरतात म्हणून हे नाव पडले. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि साधारण 3 ते 4 टक्के पाणी यांचे ते मिश्रण असते. पाणी जास्त झाले की वितळलेले लोखंड ओतताना वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या नगात, ब्लोहोल (पोकळ छिद्रे) पडतात. कमी झाले की साच्याच्या कडा ढासळून वाळू धातूत अडकते. अशा कास्टिंगचा दोष पुष्कळदा मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतल्यावरच दिसतो, म्हणजे वीज, मजुरी आणि वेळ खर्ची पडल्यानंतर.

रुजू झाल्यावर काही महिन्यांतच ब्लोहोलमुळे होणारे रिजेक्शन, म्हणजे बाद नगांचे प्रमाण, वाढले. आपण काहीतरी करून दाखवावे या उत्साहाने मी पाणी कमी केले, बेंटोनाइट वाढवले आणि साच्याला हवा जाण्यासाठी जास्तीच्या व्हेंट मारायला लावल्या, आणि हे सर्व एकाच दिवशी केले. आठवडाभर रिजेक्शन उतरले, मी खूश झालो, आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा पूर्ववत झाले. मोल्डिंगवरचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी मूठभर वाळू दाबून तिचा गोळा केला, तो मधोमध मोडून कड पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, एकदम तीन औषधं दिलासा. आता गुण कशाचा आला आन् गेला कशानं, कसं कळायचं?" कॉलेजात प्रयोगवह्या भरूनही जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते त्या एका प्रश्नाने आले.

तो पहिला आठवडा खरोखर सुधारणेचा होता का, हेही मला सांगता आले नसते, आणि नवख्याने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट माझ्या मते हीच आहे. समजा, एखाद्या कास्टिंगचे रिजेक्शन मुळात 5 टक्के आहे. आपण बदल केला आणि पुढच्या 100 नगांत 3 किंवा त्याहून कमी नग बाद झाले, तर साहजिकच वाटते की बदल लागू पडला. परंतु काहीही न बदलतासुद्धा, केवळ योगायोगाने, 100 नगांच्या साधारण चार गटांपैकी एका गटात असा निकाल येतो. हेच प्रमाण 1000 नगांत टिकले, म्हणजे 50 च्या जागी 30 च बाद झाले, तर मात्र योगायोगाची शक्यता फारच कमी उरते. चाचणी किती नगांवर घ्यायची हे ती सुरू करण्यापूर्वी ठरवावे आणि मधेच चांगला आकडा दिसला म्हणून ती थांबवू नये, असे मी आग्रहाने सांगतो त्याचे कारण हेच.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. दर तासाला ओलाव्याचा आकडा येई आणि तो लक्ष्याच्या जरा वर गेला की मी पाणी तेवढेच घटवी, खाली आला की वाढवी. मला हे दक्षतेचे लक्षण वाटे. प्रत्यक्षात प्रक्रिया स्थिर असताना प्रत्येक आकड्यामागे असे धावल्याने चढउतार घटत नाहीत, उलट वाढतात. पूर्ण फरकाएवढी दुरुस्ती दर वेळी केली तर त्यांचे विचरण (आकडे किती विखुरलेले आहेत याचे माप) दुप्पट होते, हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग आपल्या व्याख्यानांत नरसाळ्यातून गोट्या सोडून दाखवीत असत. नेहमीचा चढउतार कोणता आणि खरा बिघाड कोणता, हे ओळखण्यासाठी अमेरिकेतील वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 साली नियंत्रण आलेख मांडला. हेच श्यूहार्ट 1947-48 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले होते. मी भिंतीवर साध्या आलेखाच्या कागदावर वरची आणि खालची मर्यादा आखली आणि आकडा त्यांच्या बाहेर गेल्याशिवाय किंवा सलग एकाच बाजूला सरकत असल्याशिवाय पाण्याच्या कॉकला हात लावायचा नाही, असा नियम स्वतःला घालून घेतला. पहिले काही दिवस हात अक्षरशः शिवशिवत असे.

त्या आलेखामुळे एक कोडे समोर आले. प्रयोगशाळेतील ओलावा दिवसभर मर्यादेत होता, तरी दुपारनंतरच्या साच्यांच्या कडा ढासळत होत्या. मामांचे म्हणणे असे की, "माल गरम येतोय." मी वहीत अंदाज लिहिला : मिक्सरजवळच्या नमुन्यापेक्षा साच्याजवळच्या नमुन्यात ओलावा कमी भरेल आणि हा फरक दुपारनंतर वाढत जाईल. त्यानंतर दोन आठवडे दोन्ही ठिकाणचे नमुने एकाच वेळी घेतले. अंदाज खरा ठरला. ओतकामानंतर परत येणारी वाळू निवायच्या आतच पुन्हा वापरात येत होती, आणि मिक्सरपासून साच्यापर्यंतच्या वाटेत तिच्यातले पाणी उडून जात होते. मी इतके दिवस योग्य गोष्ट चुकीच्या जागी मोजत होतो.

उपाय मात्र आम्ही लगेच सगळीकडे लागू केला नाही. एका मोल्डिंग मशीनला निववलेली वाळू दिली, दुसऱ्याला नेहमीची, आणि आठवड्यानंतर अदलाबदल केली, जेणेकरून एखाद्या कामगाराच्या कसबाचे श्रेय वाळूला जाऊ नये. पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो ठसा), धातूचा दर्जा आणि बेंटोनाइटचे प्रमाण जसेच्या तसे ठेवले. दोन्ही आठवड्यांत निववलेल्या वाळूच्या बाजूनेच निकाल आला, तेव्हा कुठे मालकांकडे वाळू थंड करण्याच्या सोयीसाठी खर्चाची मागणी केली. त्यांनीही आलेख पाहून फार प्रश्न विचारले नाहीत.

तुम्ही कामाला लागाल तेव्हा पहिल्याच दिवशी एक जाड रजिस्टर घ्या. प्रत्येक चाचणीपूर्वी तारीख, अंदाज, बदललेली एकच गोष्ट आणि चाचणीतल्या नगांची संख्या लिहा. निकाल आल्यावर शेजारी तो लिहा, अंदाज चुकला असेल तर विशेष काळजीपूर्वक लिहा. फसलेल्या चाचण्या लिहून ठेवायला लोक कचरतात, ते मला मनापासून खटकते. अलीकडे नव्याने आलेल्या एका मुलीने कोळशाच्या भुकटीविषयी एक चाचणी सुचवली. रजिस्टर उघडले, तर काही वर्षांपूर्वी तीच चाचणी फसल्याची नोंद निघाली; मात्र तेव्हाची बेंटोनाइट दुसऱ्या प्रतीची होती, हेही त्याच पानावर लिहिलेले होते. तिने ती ओळ अधोरेखित केली आणि पुढच्या कोऱ्या पानावर आपला अंदाज लिहायला घेतला.