‘फ्लो’ वापरताना या चुका टाळा

तुळशी तलाव भरून वाहू लागला की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास मेसेज येतो, ‘तुळशी लेक हॅज ओव्हरफ्लोन.’ इथे ‘ओव्हरफ्लोड’ हवं. ‘फ्लोन’ हे ‘फ्लाय’चं, म्हणजे उडण्याचं तिसरं रूप: फ्लाय, फ्ल्यू, फ्लोन. ‘फ्लो’, म्हणजे वाहणे, सरळ नियमाने चालतं: फ्लो, फ्लोड, फ्लोड. शिकलीसवरली माणसंही इथे घसरतात, म्हणून ही चूक सगळ्यात आधी घेतली.

बाकीच्या बहुतेक चुका आपल्या ‘वाहणे’मुळे होतात. मराठीत पाणी वाहतं, वारा वाहतो, नाक वाहतं आणि देवाला फुलंही वाहतात. इंग्रजीत प्रत्येकाची सोय वेगळी. वारा ‘ब्लोज’. सर्दीने नाक वाहत असेल तर ‘माय नोज इज रनिंग’. नळ चालू राहिला असेल तर ‘द टॅप इज रनिंग’. फुलं ‘ऑफर’ करायची. रक्त, अश्रू आणि रस्त्यावरची वाहतूक यांना मात्र ‘फ्लो’ चालतं.

मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी भरलं आणि पायातली चप्पल वाहून गेली, हे सांगताना मुलं लिहितात, ‘माय चप्पल फ्लोड अवे.’ वाहतं ते पाणी. चप्पल पाण्याने नेली. म्हणून ‘माय चप्पल वॉज वॉश्ड अवे.’ ओढ जोराची असेल तर ‘स्वेप्ट अवे’ जास्त शोभतं. पाणी गटारात सोडलं, हे ‘आय फ्लोड द वॉटर’ असं होत नाही. पाणी आपलं आपण वाहतं, आपण त्याला वाट देतो: ‘आय लेट द वॉटर फ्लो इन्टू द ड्रेन.’

नदीबद्दल लिहिताना काळ सांभाळा. मुंबईची मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, कुर्ल्यावरून जाते आणि माहीमच्या खाडीला मिळते. हे कायमचं, म्हणून ‘द मिठी फ्लोज’. ‘इज फ्लोइंग’ त्या घडीपुरतं: मुसळधार पावसात पातळी वाढली की ‘द मिठी इज फ्लोइंग अबव्ह द डेंजर मार्क’. शब्दयोगी अव्ययंही बदलतात. तलावांपासून ‘फ्रॉम’, कुर्ल्यातून ‘थ्रू’, खाडीत ‘इन्टू’. ‘फ्लोज इन माहीम क्रीक’ लिहिलं तर नदी खाडीच्या आतच वाहतेय, असा अर्थ निघतो.